घोट्याचा सांधा जोडून घेण्याआधी

माझ्या उजव्या घोट्यात सुईने भूल देऊन डॉक्टरांनी मला रुग्णालयाचा जिना दोनदा चढून-उतरून यायला सांगितले, तेव्हा कित्येक वर्षांनी मी कठड्याला हात न लावता जिना उतरले. दुसऱ्या खेपेला मधल्या वळणावर थांबले आणि पाय जोराने आपटून पाहिला. कळ आली नाही. वर येऊन मी आनंदाने तसे सांगितले, तर डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हा उपचार नाही, ही तपासणी आहे. दोन-तीन तासांत दुखणे परत येईल. पण दुखते कुठून, ते आज आपल्याला कळले."

या वाक्याचा अर्थ मला पुढे हळूहळू उमगला. घोट्यापाशी एकावर एक असे दोन सांधे असतात. नडगीचे हाड आणि त्याच्याखालचे टॅलस नावाचे हाड यांच्यामधला सांधा वरचा. पाऊल वर-खाली होते ते मुख्यतः त्यामुळे. टॅलस आणि टाचेचे हाड यांच्यामधला सांधा खालचा. खडबडीत जमिनीवर पाऊल डावी-उजवीकडे कलते ते त्यामुळे. दोन्हींचे दुखणे रुग्णाला जवळपास एकाच जागी जाणवते, आणि झीज दोन्हींत दिसत असेल तर एक्स-रेच्या चित्रावरूनही दोषी कोणता ते नक्की सांगता येत नाही. म्हणून पडद्यावर पाहत एकाच सांध्यात भूल सोडतात आणि माणसाला चालायला लावतात. माझे दुखणे थांबले ते वरच्या सांध्यात भूल दिल्यावर. तसे झाले नसते, तर वरच्या सांध्याची कितीही उत्तम शस्त्रक्रिया करून मी घरी तशीच लंगडत आले असते.

हे लिहिण्याचे कारण असे की, २०२२ च्या फेब्रुवारीत माझी घोटा जोडण्याची, म्हणजे सांध्यातली दोन हाडे कायमची एक करण्याची, शस्त्रक्रिया झाल्यापासून ओळखीतून-अनोळखीतून विचारणा होत असते. गुडघा बदलून घेतलेली एक तरी व्यक्ती पुण्यात प्रत्येक इमारतीत सापडते, आणि त्यामुळे गुडघ्याबद्दल कुठल्याही कट्ट्यावर पुरेशी माहिती मिळते. घोट्याबद्दल मात्र "त्यावर काही उपाय नसतो, पट्टा बांधायचा आणि सहन करायचे" एवढेच ऐकू येते. मी डॉक्टर नाही. तीस वर्षे महाविद्यालयात भूगोल शिकवला, तोही बहुतेक उभे राहून. त्यामुळे येथे आहे ते माझ्या पायाच्या निमित्ताने मी वाचलेले, विचारलेले आणि अनुभवलेले. निर्णय प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा आहे.

प्रथम हा सांधा गुडघ्यापेक्षा वेगळा का, ते सांगते, कारण पुढचे सगळे पर्याय त्यावर अवलंबून आहेत. वयामुळे गुडघा झिजतो तसा घोटा सहसा झिजत नाही. त्याची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, पातळ असते, जाडी जेमतेम एक ते दीड मिलिमीटर, पण ती चिवट असते आणि सांधा खोबणीत बसवल्यासारखा घट्ट असतो. घोट्याचा संधिवात होतो तो बहुतांशी जुन्या इजेमुळे, म्हणजे मोडलेले हाड किंवा पुन्हापुन्हा मुरगळून सैल झालेले अस्थिबंध (हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे) यांमुळे, आणि तोही अनेकदा पंधरा-वीस वर्षांनी. टॅलस हे हाड तर विलक्षण आहे. त्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो, त्याच्या पृष्ठभागाचा अर्ध्याहून अधिक भाग कूर्चेने झाकलेला असतो, आणि उरलेल्या थोड्या जागेतूनच रक्तवाहिन्या आत शिरतात. त्यामुळे त्याला इजा झाली तर आतल्या काही भागाचा रक्तपुरवठा कायमचा तुटू शकतो. १९७६ साली रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी प्रयोगशाळेत मोजमाप करून दाखवले होते की, टॅलस केवळ एक मिलिमीटर बाहेरच्या बाजूला सरकले, तरी सांध्यातील हाडांचा परस्परांशी टेकणारा पृष्ठभाग ४२ टक्क्यांनी घटतो. शरीराचे सारे वजन मग उरलेल्या जागेवर पडते. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले, कारण माझ्या पायाची गोष्ट नेमकी त्या एका मिलिमीटरची होती.

१९९७ च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन मी सिंहगडावर गेले होते. आतकरवाडीच्या वाटेने उतरताना पावसाने निसरड्या झालेल्या काळ्या कातळावर पाय सटकला, आणि पाऊल बाहेर वळलेले मला स्वतःला दिसले. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडे मोडली होती. मुलांनी आळीपाळीने उचलून मला खाली आणले. शहरातल्या एका रुग्णालयात हाडावर धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. जखमेत जंतुसंसर्ग झाला, तीन महिने ती वाहत राहिली, आणि वर्षभराने पट्टी काढून टाकावी लागली. हा दैवाचा भाग म्हणता येईल. पण एका गोष्टीबद्दल माझ्या मनात आजही सल आहे. प्लास्टर निघाल्यावर मी उभी असताना, पायावर वजन असताना, घोट्याचा एक्स-रे कोणी काढलाच नाही. झोपवून काढलेल्या चित्रात हाड जुळलेले दिसले, आणि "छान जुळले आहे, आता व्यायाम करा" असे सांगून मला घरी पाठवले. प्रत्यक्षात बाहेरचे बारीक हाड किंचित आखूड होऊन जुळले होते आणि टॅलस त्या बाजूला सरकून कलले होते. हे मला वीस वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी जुने चित्र दिव्यासमोर धरून दाखवले.

मधल्या वर्षांचे वर्णन लांबवत नाही. संध्याकाळी घोटा सुजायचा, सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा पावले मणामणाची वाटायची, आणि २०१६ पासून पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी खालूनच पाहू लागले. वजन कमी केले, घोट्याला आधार देणारा पट्टा वापरला, पुढे-मागे गोलाई असलेल्या तळव्याचे बूट घातले, गोळ्या घेतल्या, दोनदा सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले. या सगळ्याने काही ना काही काळ बरे वाटले, आणि ज्यांनी हे अजून केलेले नाही त्यांनी शस्त्रक्रियेच्या आधी ते केलेच पाहिजे. घोट्याच्या दुखण्याला घरचे आणि बाहेरचे लोक गंभीर मानत नाहीत, हा मात्र वेगळाच त्रास असतो. कॅनडातील शल्यविशारदांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, अखेरच्या टप्प्यातील घोट्याच्या संधिवाताने येणारे अपंगत्व खुब्याच्या तितक्याच वाढलेल्या संधिवाताएवढेच असते, असे आढळले होते. माझ्या सासूबाईंना मी ते वाचून दाखवले. त्यानंतर घरात निदान "एवढ्याशा घोट्याचे काय" हे वाक्य बंद झाले.

आता शस्त्रक्रियांकडे वळते. सर्वांत लहान ती दुर्बिणीची. फिजिओथेरपीच्या ठिकाणी मला एक तरुण भेटत असे. तो फुटबॉल खेळणारा होता आणि उकिडवे बसताना त्याच्या घोट्याच्या पुढच्या बाजूला कळ येत असे. त्याच्या नडगीच्या पुढच्या काठावर हाडाची वाढ झाली होती आणि पाऊल वर उचलताना ती टॅलसवर आपटत होती. दोन लहान छिद्रांतून दुर्बीण घालून ती वाढ घासून काढली, आणि काही आठवड्यांत तो मैदानावर परतला. त्याच्या सांध्यातली कूर्चा शाबूत होती, म्हणून हे जमले. कूर्चा सगळीकडून गेलेली असताना नुसती दुर्बिणीने सफाई करून फारसे काही हाती लागत नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण "आधी दुर्बिणीने साफ करून बघू" हा सल्ला ऐकायला सौम्य वाटतो आणि माणूस त्याला पटकन होकार देतो. मलाही तो मिळाला होता. तेव्हा माझा सांधा त्या टप्प्याच्या फार पुढे गेलेला होता, आणि मी नाही म्हटले याचा मला आजही आनंद आहे.

दुसरा पर्याय हाडाची दिशा सुधारण्याचा, आणि त्याबद्दल मला सर्वांत कळकळीने लिहायचे आहे. जुन्या वाड्यातले दार बिजागरीपाशी झुकले की एका कोपऱ्यात उंबऱ्याला घासू लागते. तिथली फळी झिजते, बाकीची तशीच राहते. शहाणा सुतार अशा वेळी झिजलेली फळी न बदलता आधी बिजागरी सरळ करतो. घोटा वाकडा असेल आणि झीज एकाच बाजूला असेल, तर घोट्याच्या वर नडगीचे हाड कापून, पाचर काढून किंवा पाचर घालून, सांध्याची पातळी सरळ करतात आणि पट्टीने हाड बसवतात. मग वजन शाबूत कूर्चेवर येऊ लागते. बाहेरचे हाड आखूड जुळलेले असेल, तर तेही कापून लांब करता येते. जपानमधील ताकाकुरा यांनी १९९५ साली या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष मांडले, आणि त्यानंतर ती बऱ्याच ठिकाणी होऊ लागली. हाड जुळायला साधारण तीन महिने लागतात, पुढे दुखणे वाढलेच तर इतर पर्याय खुले राहतात, आणि मुख्य म्हणजे सांधा आपला स्वतःचा राहतो. पण त्यासाठी निदान अर्धी कूर्चा शिल्लक असावी लागते. सन २००० मध्ये माझी ती नक्कीच शिल्लक असणार. २०२१ मध्ये नव्हती. उभे राहून काढलेला एक साधा एक्स-रे तेव्हा झाला असता, तर माझ्यापुढे आलेले पर्याय वेगळे असते, असे माझ्या डॉक्टरांनी मी विचारल्यावर सांगितले. त्यांनी ते आढेवेढे न घेता सांगितले, हे मला आवडले.

बाहेरून रिंग लावून सांधा ताणून धरण्याचाही एक मार्ग आहे. सैबेरियातील कुर्गान येथे गाव्रील इलिझारोव यांनी हाडांसाठी जी कड्यांची चौकट तयार केली, तिच्याच साह्याने घोट्यातली दोन हाडे सुमारे पाच मिलिमीटर दूर करून अंदाजे तीन महिने तशीच ठेवतात, जेणेकरून कूर्चेवरचा भार उतरून तिला सावरायला अवधी मिळावा. तरुण वयात, सांधा जोडायचा नसेल तेव्हा, याचा विचार होतो. सर्वांनाच त्याने आराम पडतो असे नाही, आणि तारांच्या छिद्रांची रोज निगा राखावी लागते. मला तो सुचवला गेला नाही, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

राहिले दोन मोठे पर्याय, सांधा बदलणे आणि सांधा जोडणे. माझी ओढ अर्थातच बदलण्याकडे होती. गुडघा बदलतात, खुबा बदलतात, तर घोटा का नको?

घोटा बदलण्याचे प्रयत्न १९७० च्या सुमारास फ्रान्समध्ये सुरू झाले. पहिला कृत्रिम घोटा जवळजवळ उलट्या बसवलेल्या खुब्यासारखा होता, लांब दांडी नडगीत घातलेला, आणि तो टिकला नाही. त्यानंतरच्या पहिल्या पिढीतले सांधे सिमेंटने बसवले जात, आणि ते सैल होत गेले, इतके की बरेच शल्यविशारद पुन्हा सांधा जोडण्याकडे वळले. पुढे डेन्मार्कच्या कोफोड यांनी दोन धातूंच्या भागांमध्ये सरकणारी प्लॅस्टिकची चकती असलेली रचना आणली. अमेरिकेत तिला २००९ साली मान्यता मिळाली. आजचे सांधे त्या काळापेक्षा पुष्कळ चांगले आहेत. वरचा भाग नडगीला, खालचा टॅलसला, मध्ये टिकाऊ प्लॅस्टिक, आणि धातूच्या खरखरीत पृष्ठभागात हाड वाढून तो पकडला जातो. दहा वर्षांनंतर साधारण दहापैकी आठ ते नऊ सांधे जागेवर असतात, असे निरनिराळ्या नोंदींवरून दिसते. गुडघ्याच्या मानाने हे कमी आहे. शिवाय बदललेला घोटा सैल झाला आणि पुन्हा बदलता आला नाही, तर मधल्या पोकळीत पुष्कळ हाड भरून तो जोडावा लागतो, आणि ती शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा बरीच अवघड असते.

तरीही ज्यांना तो योग्य आहे, त्यांच्यासाठी तो वरदान आहे. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या एका निवृत्त सहकारी मैत्रिणीला आमवात आहे. तिचे दोन्ही घोटे आणि त्यांखालचे सांधेही आखडलेले. दोन्ही घोटे जोडले असते, तर तिचे पाऊल काठीसारखे झाले असते. तिने एक घोटा बदलून घेतला, वर्षाने दुसरा, आणि आता ती उतारावरून माझ्यापेक्षा सहज चालते. वय साठीच्या आसपास किंवा पुढे, वजन आटोक्यात, हाड मजबूत, पायाची संवेदना शाबूत, पाऊल फारसे वाकडे नाही, आणि कामधंदा उड्या मारण्याचा किंवा ओझी वाहण्याचा नाही, अशा माणसाने या पर्यायाबद्दल जरूर विचारावे. आणि विचारताना डॉक्टरांना हेही विचारावे की, तुम्ही वर्षाला असे किती घोटे बदलता. गुडघ्याचे उत्तम शल्यविशारद घोट्याचेही असतीलच असे नाही. पाऊल आणि घोटा हे आता स्वतंत्र कौशल्याचे क्षेत्र झाले आहे.

दोन्हींपैकी चांगले कोणते, या प्रश्नाला ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीने बऱ्यापैकी उत्तर दिले आहे. तेथील सतरा रुग्णालयांत ५० ते ८५ वयाच्या ३०३ रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत विभागणी केली. एका गटाचा घोटा बदलला, दुसऱ्याचा जोडला. २०२२ च्या अखेरीस, माझ्या शस्त्रक्रियेनंतर, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर दोन्ही गटांतील लोकांचे चालणे आणि उभे राहणे पुष्कळ सुधारले होते, आणि दोन्ही गटांतला फरक ठामपणे एकाच्या बाजूने कौल द्यावा इतका मोठा नव्हता. बदललेल्यांमध्ये जखम भरायला त्रास झालेले सुमारे १३ टक्के, तर जोडलेल्यांमध्ये ६ टक्क्यांच्या आत. नसेला इजाही बदललेल्यांत अधिक. उलट, रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण जोडलेल्यांत थोडे अधिक होते, आणि त्यांच्यातील सुमारे ७ टक्के जणांचे हाड न जुळून त्रास देत राहिले. माझ्या निर्णयाच्या वेळी हे आकडे आलेले नव्हते; तेव्हा दोन्हींबद्दल जे वाचायला मिळाले ते मी वहीत उतरवून घेतले होते आणि डॉक्टरांपुढे ठेवले.

त्यांनी ते वाचले, मान डोलावली, आणि माझा सीटी स्कॅन पडद्यावर उघडला. टॅलसच्या बाहेरच्या बाजूला एक पांढुरका, घट्ट दिसणारा तुकडा होता. तो भाग मेलेला होता. त्यात नव्या सांध्याचा धातू धरून राहणार नाही. त्याशिवाय १९९७ चा जंतुसंसर्ग होता. इतक्या वर्षांनी तो शिल्लक नाही हे रक्ताच्या तपासण्यांवरून दिसत असले, तरी कृत्रिम सांधा बसवताना ते जोखमीचेच. मी वाद घातला. मी म्हणाले, सांधा जोडला की पाऊल हलणारच नाही, मी खाली उकिडवी बसणार कशी, टेकडी चढणार कशी? त्यांनी उत्तर दिले नाही. मापनाची कोनपट्टी घेतली, माझे पाऊल वर-खाली केले, आणि आकडा माझ्यासमोर धरला. आठ अंश. निरोगी डाव्या पायाचे माप पन्नासच्या आसपास होते. "मॅडम, तुम्ही शेवटची उकिडवी कधी बसलात?" मला आठवेना. जी हालचाल वाचवण्यासाठी मी भांडत होते, ती काही वर्षांपूर्वीच गेलेली होती. शिल्लक होते ते आठ अंश आणि त्या आठ अंशांतली प्रत्येक कळ.

त्या रात्री मी पतींशी बोलले आणि दुसऱ्या दिवशी होकार कळवला.

सांधा जोडणे म्हणजे नेमके काय, तर दोन्ही हाडांवर उरलेली कूर्चा खरवडून काढतात, कूर्चेखालचे हाड रक्त दिसेपर्यंत ताजे करतात, आणि दोन्ही एकमेकांवर घट्ट दाबून स्क्रूने किंवा पट्टीने बांधतात. मग मोडलेले हाड जुळते, तसे ते जुळते. दाबून धरल्यास हाड लवकर जुळते, हे तत्त्व १९५१ साली जॉन चार्नली यांनी घोट्याच्या बाबतीत मांडले होते; पुढे हेच चार्नली खुब्याच्या सांधेरोपणासाठी जगप्रसिद्ध झाले. वाकडेपणा फार नसेल तर हे काम दुर्बिणीनेही होते, जखम लहान राहते. माझे पाऊल कललेले असल्याने उघडूनच करावे लागले. तीन स्क्रू आहेत. पाऊल कोणत्या कोनात जोडायचे, याला फार महत्त्व आहे आणि त्यात सुधारणेला नंतर जागा नसते: पाऊल नडगीशी काटकोनात, टाच किंचित बाहेर, आणि पंजा दुसऱ्या पायाइतकाच थोडा बाहेर वळलेला. बोटे खाली झुकलेली राहिली, तर माणूस जन्मभर गुडघा मागे ढकलून चालतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या डाव्या पायाची ठेवण अनवाणी चालवून पाहिली होती, ती यासाठी.

हाड न जुळण्याच्या कारणांत तंबाखू फार वरचा आहे. सिगारेट तर आहेच, पण निकोटीन कोणत्याही वाटेने शरीरात गेले तरी हाडाच्या रक्तपुरवठ्याला बाधते. माझ्याच खोलीत साताऱ्याकडच्या एक आजी होत्या, त्यांना रोज मिश्री लावायची सवय. "मी कुठे विडी ओढते?" असे त्या म्हणत. डॉक्टरांनी त्यांची तारीख दोन महिने पुढे ढकलली आणि मिश्री सोडल्याखेरीज शस्त्रक्रिया करणार नाही असे ठणकावून सांगितले. मधुमेह आटोक्यात नसेल, तरीही तेच. ड जीवनसत्त्वाचीही तपासणी करून घ्यावी. माझे कमी निघाले आणि ते आधी भरून काढले.

कमरेखाली भूल दिली होती, शिवाय गुडघ्यामागे नस बधिर करणारे इंजेक्शन, त्यामुळे पहिले चोवीस तास पाय जणू माझा नव्हताच. ते उतरल्यावरची दुसरी रात्र सर्वांत कठीण होती. सहा आठवडे पाऊल जमिनीला टेकवायचे नव्हते. आम्ही सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधीच सहकारनगरला ताईकडे तळमजल्यावर मुक्काम हलवला. हे आधी ठरवणे फार आवश्यक आहे. न्हाणीघरात आधाराची दांडी, बसून अंघोळ करायला स्टूल, उंच कमोड, पलंगाजवळ वॉकर, आणि पाय उशांवर हृदयापेक्षा उंच. गुठळी होऊ नये म्हणून औषध. सहा आठवड्यांनी प्लास्टरच्या जागी काढता-घालता येणारा उंच बूट आला आणि हळूहळू वजन द्यायला सुरुवात झाली. तीन महिन्यांनी सीटी स्कॅनमध्ये दोन हाडांमधली रेघ पुसली गेलेली दिसली. सूज मात्र पुरती जायला जवळजवळ वर्ष लागले, आणि त्या काळात मी दोनदा घाबरून फोन केला. दोन्ही वेळा ती नेहमीचीच सूज निघाली.

आज सपाट रस्त्यावर माझी चाल पाहून कोणाला काही कळत नाही. पाऊल अगदीच गोठते, ही समजूतही खरी नव्हती. पावलाच्या मधल्या सांध्यांतून थोडी वर-खाली हालचाल होते. त्रास होतो तो उतारावर. तीव्र उतार असला की मी पाऊल आडवे टाकत उतरते, आणि टेकडीवर काठी नेते. अनवाणी चालताना टाच आपटल्यासारखी वाटते, म्हणून देवळातून बाहेर आले की चपला शोधण्याची मला इतरांपेक्षा घाई असते. चप्पल-बूट सगळे गोलसर तळव्याचे. मांडी घालता येते, कारण ती गुडघ्यांवर आणि खुब्यांवर अवलंबून असते. घोट्याखाली घडी केलेली चादर घेते एवढेच. उकिडवे बसणे नाही. उजवा पाय असल्याने चार महिने गाडी चालवली नाही आणि नंतर एका मोकळ्या मैदानात ब्रेक दाबण्याचा सराव करून मगच रस्त्यावर आणली. आता रात्री घोटा दुखून जाग येत नाही. हे वाक्य लिहिताना मला भरून येते, कारण सहा वर्षे ती जाग रोजची होती.

एक किंमत अजून चुकवायची आहे, ती मला आधीच सांगितली होती. वरचा सांधा बंद झाल्यावर त्याच्या वाट्याचे काम शेजारचे सांधे करतात आणि कालांतराने झिजतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घोटा जोडल्यानंतर सरासरी २२ वर्षांनी तपासलेल्या २३ रुग्णांपैकी बहुतेकांच्या पावलातील शेजारच्या सांध्यांत संधिवात आढळला होता. म्हणूनच तिशी-चाळिशीतल्या रुग्णाला जोडण्याचा सल्ला देताना डॉक्टर कचरतात, आणि म्हणूनच हाड सरळ करण्याचा पर्याय त्या वयात आधी तपासावा, असे मी प्रत्येकाला सांगते. शस्त्रक्रियेच्या वेळी मी अठ्ठावन्न वर्षांची होते. बावीस वर्षांचा हिशेब माझ्यासाठी वेगळा आहे, आणि तो मी विचार करून मान्य केला आहे. दर फेब्रुवारीत उभी राहून एक्स-रे काढते. खालचा सांधा अजून चांगला आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याचा दुचाकीवरून पडून घोटा मोडला. वय सव्वीस. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, वजन द्यायला परवानगी मिळाली, आणि तो म्हणाला, "मावशी, आता झालं की." मी त्याला घेऊन गेले. एक्स-रेच्या खोलीत एक बुटकी लाकडी पायरी असते, तिच्यावर तो उभा राहिला. आधाराला धरून त्याने नकळत सगळा भार डाव्या पायावर घेतला होता. तंत्रज्ञ काचेच्या पलीकडून म्हणाले, "दोन्ही पायांवर सारखं वजन द्या." त्याने माझ्याकडे पाहिले, श्वास घेतला आणि उजवी टाच पूर्ण टेकवली. बाहेरच्या हाडाची लांबी दोन्ही बाजूंना सारखी होती, आणि टॅलस आपल्या जागी.